पाकिटावरचा तो नंबर: सिगारेट, बिडी, गुटखा सोडायला फोन नेमकी कशी मदत करतो

आमच्या इंदूरच्या रामबागेत कोपऱ्यावर एक गुमटी, म्हणजे टपरी आहे, चहा पण मिळतो आणि बाकी सगळं पण. तिथे सुतळीला बांधलेला लायटर लटकत असतो. सकाळी सहा-साडेसहाला माझा धाकटा मामा तिथे जायचा, एक कट चहा आणि एक सिगारेट, मग घरी येऊन पेपर, मग पोहे, पोह्यांनंतर परत एक. तीस वर्षं हेच. आणि या तीस वर्षांत घरातल्या प्रत्येकाने त्याला सांगून झालं होतं, आजीने शपथ घातली, मामीने अबोला धरला, मी स्वतः एकदा त्याचं अख्खं पाकीट नळाखाली भिजवलं होतं. काही झालं नाही. मग या वर्षी एक फोन केला आणि गोष्टी हलायला लागल्या, म्हणून म्हटलं हे नीट सगळं लिहून काढू, कारण हा फोन नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो आणि तरी आपल्या ओळखीतल्या दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील की असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

तर नंबर आधी सांगते. १८००-११-२३५६. टोल फ्री आहे, म्हणजे पैसे लागत नाहीत. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी सुट्टी. ही भारत सरकारची राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी लाइन, मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली, तेव्हा हिंदी आणि इंग्रजीत बोलायचे, नंतर २०१८ मध्ये बंगळुरूची मानसिक आरोग्याची संस्था निम्हान्स, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट पण यात आले, त्यामुळे प्रादेशिक भाषांत बोलायची सोय झाली. मराठीत बोलायचं असेल तर तसं सांगायचं. आपल्या इंदूरच्या मराठी माणसाचं काय, दोन वाक्यं मराठीत झाली की तिसरं आपोआप हिंदीत जातं, ते पण चालतं.

आणि नाव क्विटलाइन असलं तरी फक्त सिगारेटवाल्यांसाठी नाही हे आवर्जून सांगते. बिडी, गुटखा, खैनी, जर्दा, मशेरी, सगळ्यासाठी आहे. आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं, कारण २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात मध्य प्रदेशातले ३४ टक्के मोठे लोक कुठला ना कुठला तंबाखू घेत होते आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा तोंडात ठेवणारे कितीतरी जास्त होते. गुटख्यावर बंदी घालणारं पहिलं राज्य आपलंच, एप्रिल २०१२. तरी पान मसाल्याची पुडी वेगळी आणि जर्द्याची पुडी वेगळी घेऊन लोक हातावर मिसळतातच, रोज बघतो आपण.

आता मूळ प्रश्न. फोनवर कोणी बोलून व्यसन कसं सुटेल? मला पण हेच वाटायचं. डॉक्टर समोर बसून सांगतो तेव्हा ऐकत नाहीत, फोनवरचं काय ऐकणार. हे समजायला आधी निकोटीन काय करतं ते समजून घ्यावं लागतं.

सिगारेटचा झुरका घेतला की निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला दहा-वीस सेकंद लागतात. इतकं पटकन. मेंदूत गेल्यावर ते बरं वाटायला लावणारं रसायन, डोपामिन, सोडायला लावतं. पण ते टिकत नाही, साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन अर्ध्यावर येतं आणि मेंदू परत मागायला लागतो. म्हणजे माणूस म्हणतो ना की सिगारेटने टेन्शन उतरतं, तर त्यातलं बरंचसं टेन्शन हे मागच्या सिगारेटचा असर उतरल्याचंच असतं. रात्रभर झोपेत निकोटीन मिळत नाही म्हणून सकाळची पहिली सगळ्यात जड. मामा थंडीत, अंधारात, स्वेटर चढवून गुमटीवर जायचा ते चहासाठी नव्हतंच.

सोडल्यावर काय होतं? चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही, भूक जास्त, कोणाकोणाचं पोट साफ होत नाही. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरत जातं, दोन ते चार आठवड्यांत बऱ्यापैकी निवळतं. आणि तलफ, म्हणजे ती जी एकदम उसळून येते की आत्ता पाहिजेच, ती प्रत्येक वेळी काही मिनिटांचीच असते. ओढा नाहीतर ओढू नका, ती उतरते. ही गोष्ट मामाला तीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. त्याला वाटायचं की नाही ओढली तर ती वाढतच जाईल, वाढतच जाईल, दिवसभर.

इथे फोनचं काम कळतं. जे लोक कोणाचीच मदत न घेता एका झटक्यात सोडतात त्यातले बहुतेक पहिल्या आठवड्याभरातच परत सुरू करतात. म्हणजे खरी लढाई त्या सात-आठ दिवसांची आणि ती ओपीडीत होत नाही. ती घरी होते, चहाच्या वेळी, साहेबाशी भांडण झालं तेव्हा, रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत. डॉक्टर महिन्याने भेटणार, तोवर काय? क्विटलाइनचं वैशिष्ट्य हे की तुम्ही एकदा फोन केला की नंतर ते तुम्हाला फोन करतात. संशोधनातून पण हेच पुढे आलंय की एकच फोन करून सोडून दिलं त्यापेक्षा समुपदेशकाने ठरवून पुन्हा पुन्हा फोन केला तर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये राज्यभरासाठी अशी लाइन सुरू केली होती, म्हणजे कल्पना आजची नाही, तपासून झालेली आहे.

पहिल्या फोनला काय होतं ते सांगते, कारण भीती तिथेच असते. मंगळवार होता, संध्याकाळचे पाच वगैरे. मामा स्वतःहून म्हणाला होता की जिना चढताना धाप लागते आता, आणि मी काही उपदेश न करता फक्त त्याच्या टेबलावरचं पाकीट उचललं, उलटवलं आणि नंबर दाखवला. म्हणाला, "लाव तू, मी ऐकतो." मी म्हटलं, "मामा, मी लावते, पण बोलायचं तुला." स्पीकरवर ठेवला. आधी रेकॉर्डेड आवाज, भाषा वगैरे, मग एक बाई आल्या बोलायला. मामाने आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मला माहितेय वाईट असते, ते नका सांगू." त्या म्हणाल्या, "नाही सांगत. तुम्ही सांगा, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते?"

हा प्रश्न साधा वाटतो पण सगळ्यात कामाचा आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीराची मागणी जास्त, म्हणजे नुसत्या निश्चयावर ठेवून चालणार नाही, औषधाचा विचार करावा लागेल. मग विचारलं दिवसाला किती. मामा म्हणाला सात-आठ. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती, हातात लाटणं, तिने दुसऱ्या हाताची पाच बोटं तीन वेळा उघडून दाखवली. मामाने बघितलं आणि फोनमध्ये हळूच म्हणाला, "पंधरा धरा." मला त्या क्षणी वाटलं की काम होणार.

मग आधी कधी सोडायचा प्रयत्न केला होता का, किती दिवस टिकला, परत कशामुळे सुरू झाली, बीपी शुगर आहे का, घरात अजून कोण ओढतं, कोणकोणत्या वेळी लागतेच. आणि एक प्रश्न असा की सोडायची का आहे? मामा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला नातीला कडेवर घेतलं की ती तोंड फिरवते. एवढंच. त्या बाईंनी ते लिहून घेतलं असणार, कारण पुढच्या फोनला त्यांनी नातीबद्दल विचारलं.

शेवटी तारीख ठरली. तारीख ठरवणं हा यातला मोठा भाग आहे, "बघू, सोडीन" याला काही अर्थ नसतो. आठवड्याभरातलीच, जवळची तारीख, ज्या दिवशी लग्नबिग्न नाही, ऑफिसचं ऑडिट नाही. मामाने रविवार घेतला. आदल्या रात्री घरातली सगळी पाकिटं, माचिस, ॲशट्रे बाहेर काढायची. आणि सकाळचा क्रम बदलायचा, हे मला फार पटलं. मामाचा चहा आणि सिगारेट तीस वर्षं जोडीने चाललेत, चहाचा वास आला की मेंदू सिगारेटची वाट बघतो. म्हणून गुमटी बंद, चहा घरी, तो पण आंघोळीनंतर, आणि चहा झाल्या झाल्या तोंडात बडीशेप. तलफ आली की ती घालवायचा प्रयत्न नाही करायचा, फक्त दहा मिनिटं पुढे ढकलायची, घोट घोट पाणी, चार लांब श्वास, हाताला काहीतरी काम. मामाने मटार सोलले. त्या आठवड्यात आमच्याकडे इतके मटार सोलले गेले की मामीने शेजारी वाटले.

औषधाचं पण सांगते, कारण लोक इथे चुका करतात. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, पट्टी पण मिळते जी दंडावर लावायची, कल्पना ही की धुराबरोबरचं बाकीचं विष नको, फक्त निकोटीन थोडं थोडं द्यायचं आणि कमी करत न्यायचं. पण च्युइंगम म्हणून ते साध्या गमसारखं चघळत बसलं की लाळेबरोबर पोटात जातं आणि उचक्या, मळमळ, मग माणूस म्हणतो मला सूट नाही झालं. ते हळू चावायचं, तोंडात झिणझिण झाली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं, झिणझिण गेली की परत थोडं चावायचं. आणि चहा-कॉफी घेतली असेल तर पंधरा मिनिटं थांबून मग गम, नाहीतर ते नीट शोषलंच जात नाही. बुप्रोपियॉन, वॅरेनिक्लिन अशा गोळ्या पण आहेत पण त्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. हार्टचा त्रास असेल, बाई गरोदर असेल, तर काहीही सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्याऐवजी ई-सिगारेट घेतो असं कोणी म्हणत असेल तर ती आपल्या देशात २०१९ पासून बंद आहे, विकणं गुन्हा आहे.

आता घसरण्याबद्दल. मामाचे अकरा दिवस छान गेले, नाही, छान नाही गेले, तिसऱ्या दिवशी त्याने रिमोट आपटला होता आणि चौथ्या दिवशी वरणात मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं. पण सिगारेट नाही. बाराव्या दिवशी रंगपंचमी. इंदूरची रंगपंचमी म्हणजे गेर, रंगाची मिरवणूक, राजवाड्यावर अख्खं शहर, जुने मित्र, रंग, ढोल, आणि कोणीतरी पेटवलेली पुढे केली. ओढली. संध्याकाळपर्यंत चार झाल्या. घरी आला तो चेहरा मी अजून विसरले नाही, गुलालाने लाल आणि डोळे खाली. म्हणाला संपलं, जाऊ दे, माझ्याने नाही होणार.

पुढच्याच आठवड्यात तिकडून ठरलेला फोन आला. मामा उचलायला तयार नव्हता, मामीने उचलून त्याच्या हातात दिला. आणि तिथे कोणी रागावलं नाही. त्यांनी विचारलं ती पहिली सिगारेट तुमच्या हातात आली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणाबरोबर, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं. मग सांगितलं की अकरा दिवस वाया गेलेले नाहीत, ते अकरा दिवस जमलेच ना, बहुतेक लोकांना कायमचं सोडायच्या आधी काही प्रयत्न लागतात, आता नवीन तारीख सांगा आणि गर्दीत मित्रांनी पुढे केली तर कोणतं वाक्य बोलायचं ते आत्ता माझ्यासमोर बोलून बघा. मामा फोनवर तीन वेळा बोलला, "नाही रे भिया, बंद केली." तिसऱ्यांदा जरा जोरात. मला वाटतं घरच्यांना जे जमत नाही ते हे. आपण घसरण्याला दगा समजतो, ते त्यातून पुढच्या वेळची तयारी काढतात. आम्ही तर त्या दिवशी त्याला रडवायच्याच बेतात होतो.

मग प्रश्न येतो की इतकी चांगली गोष्ट लोकांपर्यंत का पोचत नाही. नंबर तर सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं आहे, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा असतो, त्यातला ६० टक्के फोटो आणि २५ टक्के मजकूर, आणि काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरात हा नंबर. पण गुमटीवर उभं राहून दहा मिनिटं बघा. अख्खं पाकीट घेणारे किती? बहुतेक जण खुल्ली घेतात, एक, दोन. पाकीट दुकानदाराच्या डब्यात, तुमच्या हातात नुसती सिगारेट, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये खुली सिगारेट-बिडी विकायला बंदी केली त्यामागे हे पण एक कारण, की सुटी घेणाऱ्याला इशारा दिसतच नाही. बिडीचं बंडल फोडलं की कागद पहिला फाटतो. पुडी दातांनी फाडतात ती बरोबर कुठून फाटेल सांगता येत नाही.

आणि इच्छा नाही असं अजिबात नाही. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात देशातले निम्म्याहून जास्त धूम्रपान करणारे, ५५ टक्के, सोडायचा विचार करत होते, आणि सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांच्या मनात पाकिटावरचा इशारा बघून सोडायचा विचार आला होता. विचार येतो, पाच मिनिटं राहतो आणि जातो, तलफेसारखाच. त्या पाच मिनिटांत नंबर हाताशी पाहिजे. शोधायला लागलं की गेला. म्हणून माझं म्हणणं आहे की हा नंबर पाकिटावरून काढून आपल्या घरात आणा. फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा. मोबाईलमध्ये सेव्ह करा, असं नाव द्या की पटकन सापडेल. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या दादांना मी विनंती केली, त्यांनी काउंटरवर खोकल्याच्या औषधांच्या शेजारी कागद चिकटवला, आणि खोकल्याचं औषध घ्यायला कोण येतं ते तुम्हाला माहितेय. गणपतीत आपली मराठी मंडळं इतके कार्यक्रम करतात, आरतीनंतर अर्ध्या मिनिटाची घोषणा आणि मांडवाबाहेर एक बोर्ड, खर्च काय? डेंटिस्ट आणि फॅमिली डॉक्टर तर चिठ्ठीच्या खाली नंबर छापू शकतात, "सोडा" एवढं सांगण्यापेक्षा "इथे फोन करा, आत्ता माझ्यासमोर लावा" हे वेगळं आहे.

बायकांबद्दल एक वेगळं बोलायचंय. आपल्या घरांमध्ये मशेरी लावणाऱ्या आज्या, मावश्या आहेत, सकाळी पाठमोऱ्या बसून लावतात, कोणी बोलत नाही त्यावर. त्या कधी कुठल्या व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात जाणार नाहीत, लोक काय म्हणतील. पण दुपारी सगळे बाहेर गेले की फोन करू शकतात. समोरच्याला चेहरा दिसत नाही, शेजारणीला कळत नाही. माझ्या मते या लाइनचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला व्हायला हवा तर यांना, आणि त्यांच्यापर्यंतच ती सगळ्यात कमी पोचते, कारण मशेरी घरी भाजतात, तिला पाकीटच नसतं.

ज्यांना एकदम बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी सरकारने २०१६ मध्येच मिस्ड कॉलची सोय पण काढली होती, ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाईलवर मेसेज येत राहतात. पण मी म्हणेन बोलाच.

आणि फोन कधी सुचवायचा? भांडणात नाही. ती व्यक्ती स्वतः काहीतरी बोलते तेव्हा, आज खोकला फार आहे, भाव परत वाढले, जिना चढवत नाही, त्या मिनिटाला. आणि फोन त्यांच्याऐवजी आपण बोलायचा नाही, शेजारी बसायचं. शरीराचं काम तर लगेच सुरू होतं, शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत नाडी उतरायला लागते, १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नॉर्मलला येतो, एका वर्षात हार्टच्या आजाराचा वाढीव धोका निम्म्यावर, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरायचा धोका सिगारेट चालू ठेवणाऱ्याच्या निम्मा. साठीला सोडली तरी फायदा होतोच, हे मामाने दोनदा विचारून घेतलं होतं.

मामाची नवीन तारीख रंगपंचमीनंतरच्या दुसऱ्या रविवारची होती. आता आषाढ लागलाय. गुमटीवर जातो तो अजून, पण संध्याकाळी, पाच मिनिटं, भुट्टा खात उभा राहतो. परवा तिथल्या एका ओळखीच्याने विचारलं की कोणतं औषध घेतलं, तर मामाने त्याच्याच हातातलं पाकीट मागितलं, नंबर दाखवला आणि म्हणाला, "उद्या नको लावू, सोमवार आहे, परवा लाव." तिकडून फोन आला की तो गॅलरीत जाऊन बोलतो आणि मामी टीव्हीचा आवाज कमी करते.